देवळाचं सोयर

माणसानं माणसाला किती समजावून सांगावं, याला काही सुमार असतो की नाही? मी म्हणते, दगडापुढं एवढं बोलले असते तर दगड हो म्हणाला असता. पण बयाबाई दगड नव्हती ना. दगडाला निदान उलटून बोलता येत नाही.

चव्वेचाळीस साल होतं ते. लढाई चालूच होती. कुंडलच्या अलीकडं कोसभरावर आमचं गाव, आणि गावाबाहेर ओढ्यापलीकडं आमची ख्रिस्ती आळी. थोडकी घरं, एक कौलारू देऊळ आणि देवळाला पाठ लावून पाळकाचं घर. पाळक म्हणजे माझे यजमान. मी सांगलीत मिशनच्या शाळेत शिकलेली, स्वच्छतेची आणि शिस्तीची हौस असलेली. देवानं मला नेमकं या आळीत आणून टाकलं. बयाबाई देवळाची झाडलोट करायची, घंटा वाजवायची आणि किल्ली कनवटीला लावून फिरायची. वेळ पडली की सुईणपणही तीच करायची.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेची घंटा झाली नाही. मी चहा तसाच ठेवून बाहेर आले तर देवळाला कुलूप, आणि पायरीवर बयाबाई मिश्री लावत बसलेली.

"मावशी, घंटा?"

"न्हाई वाजवायची. सोयर हाय."

मला वाटलं, ही शालूच्या पोराचं म्हणते आहे. कारण आदल्या दिवशी, नाताळच्या दिवेलागणीला, आमच्याच मागच्या खोलीत शालूबाई बाळंत झाली होती. मुलगा झाला. नाळ बयाबाईनंच कापली होती.

"अहो, बाळंतपण केलं म्हणून तुम्हाला कसलं सोयर? सोयर भावकीला असतं. सुईण अंघोळ करून मोकळी."

"त्ये काय मला ठावं न्हाई व्हय? निम्म्या आळीच्या नाळा म्या कापल्यात." बयाबाईनं पिंक टाकली. "शालीच्या पोराचं न्हवं. प्रभूचं सोयर."

"कुणाचं?"

"प्रभू येशूचं. काल जलमला न्हवं? तुमीच पोरींकडनं गाणी म्हणवून घेतली, पाळणा हलवला, साऱ्या आळीला लाडू वाटलं. आन आज लगीच घंटा बडवायची? आवं, पोर जलमलेल्या घरात बारा दिस देवाधर्माचं काय चालतं का?"

"मावशी, त्याला जन्मून एकोणीसशे वर्षं झाली!"

"मग काल लाडू कशाचं हुतं?"

मी कपाळाला हात लावला. दुसरं करणार काय?

आता हे सोयर म्हणजे काय, ते शहरातल्या माणसाला सांगायला हवं. घरात पोर जन्मलं की त्या घराला आणि त्याच्या भावकीला बारा दिवस विटाळ. बाळंतिणीला तर कोणी शिवतच नाही. आमची माणसं ख्रिस्ती झाली तरी हे सुटलं नाही. घरातले देव गेले, टाक गेले, आणि सोयर येऊन देवळाच्या उंबऱ्यावर बसलं. ज्याच्या भावकीत पोर झालं तो बारा दिवस देवळात पाय ठेवत नसे. आमच्या पाळकसाहेबांनी त्याच्यावर दोनदा प्रवचन केलं. लोकांनी मान डोलावली, आणि पुढच्या बाळंतपणाला पुन्हा तेच. पालथ्या घड्यावर पाणी! मला तर या गोष्टीची भयंकर चीड यायची. ज्या माणसांना गावानं पिढ्यान्‌पिढ्या देवळाच्या पायरीला शिवू दिलं नाही, तीच माणसं स्वतःच्या देवळाच्या दारात विटाळ मांडून बसत होती. आणि आता तर बयाबाईनं खुद्द प्रभूलाच सोयरात बसवलं!

"मावशी, ते सोडा. सोयर भावकीला लागतं, हे तुम्हाला कबूल ना? मग तुम्ही काय प्रभूच्या भावकीतल्या?"

"मग न्हाई?" तिनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच बिनडोक. "पाळक दर ऐतवारी काय सांगत्यात? देव आभाळातनं खाली आला, आपल्यावाणी हाडामांसाचा झाला, आपला थोरला भाऊ झाला. भावाला पोर झालं तर सोयर लागतं, आन भाऊच जलमला तर न्हाई लागत?"

मी घरात आले आणि यजमानांना म्हटलं, "ऐकलंत? तुमच्या प्रवचनाचं हे फळ!"

ते दाढी करत होते. हसू मला दिसू नये म्हणून त्यांनी तोंडाला जास्तीचा साबण लावला. म्हणाले, "आज ओट्यावर प्रार्थना करू या. ऊन चांगलं आहे."

असा माणूस. घर जळायला लागलं तर म्हणेल, थंडी आहे, शेकू या.

मंगळवार गेला, बुधवार गेला. मी बयाबाईला चहा दिला, गुळाची ढेकूळ दिली, मिशनच्या साहेबाला कळवीन म्हणून दम दिला. तिनं चहा घेतला, गूळ घेतला, दम तेवढा परत केला. पोरं माझ्या मागं "सोयर, सोयर" म्हणून ओरडायला लागली. जीव नुसता मेटाकुटीला आला.

आणि घरात शालू होती. तिची वेगळीच चिंता.

शालूचा नवरा कृष्णात पलटणीत होता. शिमग्याला त्याची रजा संपली, तो गेला तो ब्रह्मदेशाकडं गेला, आणि दसऱ्याच्या सुमाराला तो पडल्याची तार आली. शालू पोटुशी होती. घरात थोरला दीर आप्पासो आणि आंधळी सासू बनुबाई. आप्पासो आमच्या मंडळीचा पंच. घसा मोठा, अक्षर चांगलं, रविवारी शास्त्राचं, म्हणजे बायबलचं, वाचन तोच करायचा. तार आल्यावर काही दिवस तो रडला, ते मी पाहिलं आहे, खोटं कशाला बोलू. पण मग त्याला ओढ्याकाठचा शेताचा तुकडा दिसायला लागला. पोरगा झाला तर तो निम्म्याचा वाटेकरी. मग त्याचं बोटांवर महिने मोजणं सुरू झालं. शिमगा ते नाताळ! पोरगी पहिलटकरीण, थोडं पुढं गेलं, हे कुठल्याही बाईला कळतं. पण त्यानं आळीभर पसरवलं की दिवस जुळत नाहीत, आणि तिला घराबाहेर काढलं. माहेर आटपाडीकडं, आईबाप कधीचे गेलेले. ती आमच्याकडं आली.

पोरगा झाल्याचं मी स्वतः आप्पासोच्या घरी जाऊन सांगितलं. तो दारातच म्हणाला, "कुणाला झाला त्येला सांगा की बाई. आमाला कशाला?" आत बनुबाई भिंतीला टेकून बसली होती. तिनं मान वर केली, पण बोलली नाही. बिचारी काय बोलणार? डोळे गेलेले, भाकर मुलाच्या हातची.

तर असं चाललं होतं. शनिवारी संध्याकाळी मी अगदी रडकुंडीला आले. उद्या रविवार, वर्षाचा शेवटचा दिवस. आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरून माणसं येणार, आणि देवळाला कुलूप! मी यजमानांना म्हटलं, "आता तुम्ही काही करणार आहात का मी उद्या कुऱ्हाड घेऊ?"

ते उठले, पायरीवर गेले आणि म्हणाले, "मावशी, उद्या लांबनं माणसं येतील. म्हातारीकोतारी असतील. थंडीत कुठं बसवू त्यांना?"

बयाबाईनं कनवटीची किल्ली काढली आणि त्यांच्या हातात दिली. "ठेवा. पर म्या आत पाय ठेवायची न्हाई, आदीच सांगते."

झालं! एवढंच! आठवडाभर मी घसा फोडला आणि यांनी एका वाक्यात किल्ली आणली. मी विचारलं, "मग मंगळवारीच का नाही मागितलीत?"

"तू बोलत होतीस ना तिच्याशी," ते म्हणाले.

मी काही बोलले नाही. बोलले असते तर शेजारीपाजारी जमले असते.

किल्ली हातात घेऊन मी मागच्या खोलीत शालूला शेक द्यायला गेले. मनातून खूष होते. म्हटलं, "मिळाली गं बाई एकदाची. उद्या देऊळ उघडतं."

शालू पोराला पाजत होती. ती एकदम थांबली. "उद्याच?"

"मग कधी? बारा दिवसांनी? तू पण बयाबाईच्या पंथाला लागलीस का?"

तिच्या डोळ्यांतून नुसतं पाणी. मी वैतागले, बाळंतिणीनं असं रडू नये, दूध आटतं. दोनदा रागावल्यावर ती बोलली.

"बाई, भावजी विहिरीवर साऱ्यांम्होरं बोललेत की, ऐतवारी म्या पयल्या सतरंजीवर बसून वाचन करनार, मग बघू कोण म्हणतंय त्ये पोर आमचं. देऊळ बंद हाय तवर ठीक. त्ये एकदा आत गेलं की झालं. सोयर पाळलं न्हाई म्हंजी पोर त्यांचं न्हाई. मग पंचायत कशाला आन साक्ष कशाला?"

माझ्या हातातली शेगडी मी खाली ठेवली. अरे देवा! आठवडाभर जी गोष्ट मी मूर्खपणा म्हणून तुडवत होते, तिच्याच आडोशाला ही पोर बसली होती. बयाबाईला त्याचा पत्ता नव्हता, आणि मला तर नव्हताच. आणि तो आडोसा मीच काढून आणला होता, वर विजयाचं तोंड करून.

मला इतका संताप आला म्हणून सांगू! आप्पासोचा आला, सोयराचा आला, बयाबाईचा आला. सोयर नको म्हणावं तर आप्पासोचं फावतं. हवं म्हणावं तर आमच्याच शिकवणीला हरताळ. मी यजमानांपुढं जाऊन उभी राहिले. "उद्या दार उघडायचं नाही."

त्यांनी चष्मा काढला. "अगं, आत्ता तर..."

मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. मग म्हणाले, "सोयर पाळू नका असं मीच दोनदा सांगितलंय. उद्या कुठल्या तोंडानं दार बंद ठेवू?"

"तुमच्या तोंडानं नका ठेवू. माझं आहे ना."

"ते आहे," ते म्हणाले.

रविवारी सकाळी चांगलंच गारठलं होतं. माणसं घोंगड्या, शाली पांघरून आली. मी देवळाच्या वरच्या पायरीवर उभी होते, किल्ली मुठीत. खालच्या पायरीवर बयाबाई. थोड्या वेळानं आप्पासो आला. कोट, पांढरा फेटा, काखेत शास्त्र. त्याच्या बाहीला धरून बनुबाई काठी टेकत येत होती. तिला त्यानं मुद्दाम आणलं होतं. आई-मुलगा दोघं आत बसली की बोलायला कोणी उरलं नसतं.

"उघडा की बाई," तो म्हणाला. "उशीर हुतुया."

"उघडणार नाही. सोयर आहे."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मग कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग सगळीच हसली. हसणारच! मीच आठ दिवस या शब्दावरून थयथयाट केला होता.

आप्पासो हसला नाही. तो हुशार. त्याला माझा रोख लगेच कळला. "बाई, ख्रिस्ती माणसाला सोयरसुतक न्हाई. ह्ये तुमीच सांगता. पाळकसाहेबबी सांगत्यात. का आता शिकवण बदलली?"

"नाही बदलली. सोयर पाळलं नाही म्हणून कोणाला पाप लागत नाही."

"मग उघडा दार."

"थांबा. मला एक सांगा. सोमवारी नाताळाला इथंच उभं राहून तुम्ही एवढा घसा ताणून काय सांगितलंत? देव माणसाच्या पोटी आला, आपल्या रक्तामांसाचा झाला. सांगितलंत ना?"

"व्हय. मग?"

"मग तो तुमच्या भावकीत आला, का परकाच राहिला?"

त्यानं शास्त्र या काखेतून त्या काखेत घेतलं.

"भावकीत आला असेल तर त्याच्या जन्माचं सोयर तुम्हाला आहे. परका असेल तर नाही. मी काही शास्त्री नाही आप्पासो, मला एवढंच कळतं. ही किल्ली. तो ज्याला परका वाटतो त्यानं घ्यावी आणि खुशाल आत जाऊन बसावं."

आणि मी किल्ली पायरीवर ठेवली. वाटलं, आता आमचे हे पुढं येणार आणि म्हणणार, असं नाही, तसं नाही, याचा अर्थ वेगळा. पन्नासदा असं केलंय त्यांनी. मी त्यांच्याकडं बघितलंच नाही.

ते पुढं आले. त्यांनी किल्लीकडं बघितलं, मग अंगणात गेले आणि धोतर सावरून सरळ धुळीत बसले.

"मला आहे सोयर," ते म्हणाले.

मग काय, एकेक करून माणसं बसायला लागली. कोणी हसत, कोणी कुरकुरत, म्हाताऱ्या "आगं आई गं" करत. बायका एकीकडं, पुरुष एकीकडं. बयाबाई तर अशी फुगली की विचारू नका. "म्या मंगळवारपास्नं काय बोंबलत हुते? हां? आयकलं का कुणी?" तिच्या तोंडाला त्या घटकेलाही कुलूप नव्हतं.

आप्पासो उभाच होता. मग तो म्हणाला, "ठीक हाय. प्रभूचं सोयर म्याबी पाळतो. बसतो भाईर. पर त्ये प्रभूचं. शालीच्या पोराचा त्येच्यात काय बी संबंध न्हाई. साऱ्यांनी ध्येनात ठेवा."

इतका विचार करून मी एवढं बांधलं, आणि हा असा सहज दुसऱ्या दारानं निसटला! पण बयाबाई होती ना.

"आरं आप्पा, आसं येगळं करता येत न्हाई," ती म्हणाली. "एका सोयरात दुसरं पोर जलमलं तर दोनीचं सोयर एकच. संगंच धरायचं, संगंच फेडायचं. प्रभू सकाळी जलमला, शालीचं पोरगं दिवेलागणीला. आता तू कसं फाडणार त्येला? चिरगुट हाय व्हय त्ये?"

आळीतल्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. खरंच आहे, असाच रिवाज. एका चुलीमागं दोन जावा बाळंत झाल्या तर कोणी दोनदा सोयर धरत नाही.

मी तेवढ्यात संधी साधली. आमच्या घराच्या कोपऱ्याशी शालू पोराला छातीशी धरून उभी होती. मी हाक मारली, "शालू, ये इकडं. बस बायकांत."

ती घाबरली. ओली बाळंतीण, चारचौघांत कशी येणार? पण कोणी काही बोललं नाही. सोयरातल्या माणसाला सोयराचा कसला विटाळ? बायका सरकल्या, ती येऊन बसली, आणि मीही पायरी उतरून तिच्याजवळ बसले. आठवडाभरात तिला माझ्याशिवाय आणि बयाबाईशिवाय कोणी शिवलं नव्हतं. शेजारच्या बाईनं तिच्या अंगावर आपली घोंगडी ओढली.

ते पाहून आप्पासोचा तोल सुटला. "ह्यो डाव हाय!" तो ओरडला. "बायकांनी रचलेला डाव! समद्या आळीनं मिळून माझ्या भावाच्या नावाला काळं फासलंय!" आणि त्यानं पायरीवरची किल्ली उचलली, कुलूप काढलं आणि दार धाडकन उघडलं. एक पाय उंबऱ्याच्या आत टाकून तो मागं वळला. "आई, चल. धर हात."

बनुबाई पायरीच्या खाली उभी होती. तिनं हात पुढं केला नाही.

"आई, चल म्हणतो न्हवं!"

त्या आरड्याओरड्यानं पोर जागं झालं आणि रडायला लागलं. सात दिवसांचं पोर, त्याचा आवाज तो केवढा! पण बनुबाईनं त्या बाजूला मान वळवली आणि काठी टेकत टेकत बायकांमधून वाट काढत गेली. कुणाच्या पायावर काठी पडली, कुणी हात दिला. शालूपुढं ती खाली बसली आणि पदर पसरला.

"दे," ती म्हणाली.

शालूनं पोर तिच्या पदरात घातलं.

आप्पासो दारातून म्हणाला, "आई, तुला दिसत न्हाई. पोराचं तोंड कुणावर गेलंय ते आदी लोकांस्नी तर बघू दे. मग घे वटीत."

"तोंड बघून सोयर पाळत्यात व्हय रं?" बनुबाई म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण तिथं दुसरा आवाजच नव्हता. "देवानं आपली तोंडं बगितली आस्ती, तर तो ह्या आळीत जलमाला आला आस्ता का?"

तीन वर्षं मी यजमानांची प्रवचनं ऐकत होते, त्यांचं शुद्धलेखन तपासून देत होते, आणि देव आपल्यात आला म्हणजे काय, हे मला त्या धुळीत बसून कळत होतं. पोर आजीच्या पदरात रडत होतं आणि ती त्याच्या कपाळावरून, नाकावरून, हनुवटीवरून बोटं फिरवत होती. ओळखायला नाही. नुसती फिरवत होती.

"माजा किस्नात गेला," ती म्हणाली. "त्येचं पोर न्हाई म्हणलास तर म्या त्येची आई तरी कशी ऱ्हाते? मला सोयर हाय आप्पा. आन एका चुलीवरचं खातोस, तर तुलाबी हाय. ये भाईर."

आप्पासो दारात उभा राहिला. मागं देऊळ रिकामं होतं, गुंडाळलेल्या सतरंज्या भिंतीशी. पुढं सगळी आळी जमिनीवर. त्याच्या फेट्याचा शेमला खांद्यावरून निसटला होता, तो त्यानं उगाच नीट केला, परत केला. भावाचं नाव ऐकून त्याचं तोंड वेडंवाकडं झालं होतं. वाईट माणूस होता असं मी आजही म्हणणार नाही, पण त्या दिवशी मला त्याची कीव करायचीही इच्छा नव्हती.

बयाबाईला तेवढ्यातही राहवलं नाही. "पाय लावलास न्हवं उंबऱ्याला? आता सोयर फिटल्याव सारं देऊळ तूच सारवायचं!"

"मावशी, गप्प बसा!" मी ओरडले.

आमचे पाळकसाहेब आप्पासोकडं बघून म्हणाले, "शास्त्र तुमच्याजवळ आहे. आज वाचन तुमचंच. इथं बसून वाचा."

आप्पासोनं पाय उंबऱ्याबाहेर घेतला. एकेक पायरी उतरून तो खाली आला आणि आईच्या मागं, पुरुषांच्या रांगेत न जाता, तिथंच घुटमळत उभा राहिला. बायकांमध्ये त्याला बसायला तसूभर जागा नव्हती, आणि कोणी करून देईना. मीही दिली नाही.

बनुबाईनं मान वळवली नाही. पोर तसंच पदरात धरून ती थोडी बाजूला सरकली. तिच्याशेजारी हातभर जमीन मोकळी झाली.

तो तिथं बसला.